बारशाआधीचा दाखला

होटगी रस्त्यावरील विमानतळ, मधला थोडा काळ सोडला तर, सोलापूरकरांनी बरीच वर्षे कुंपणाबाहेरूनच पाहिले. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पडली, २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून मुंबई व बेंगळुरू ही शहरेही जोडली गेली. त्या चिमणीवरून गावात किती वाद झाले हे येथील वाचकांना सांगावयास नको. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म याच सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. विमाने बांधण्याचा देशातील पहिला कारखाना, हिंदुस्थान एअरक्राफ्ट, त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत उभा केला. त्यांच्या जन्मगावाहून बेंगळुरूला नेमाने विमान जाण्यास त्यानंतर पंच्याऐंशी वर्षे लागावीत, ही गोष्ट व्यापारी मनाला जरा टोचतेच.

विमान गावात आले तसा विमानात बसणारा माणूसही बदलला. पूर्वी पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन विमान धरणारा प्रवासी बहुधा एकटा असे, हातात एक बॅग आणि डोक्यात धंद्याचे काम. आता रांगेत आजी असते, सून असते, सूर्यास्तापूर्वी संपवायचा घरचा डबा असतो आणि कडेवर मूल असते. कोणी मुलाकडे बेंगळुरूला निघालेले असते, तर कोणी मुंबईहून पुढे शिखरजीच्या यात्रेला. निघण्याच्या आदल्या रात्री अशा प्रत्येक घरात एक प्रश्न हमखास निघतो : बाळाचे कोणते कागद लागतात? शेजारी सांगतो, काहीच लागत नाही. साडू सांगतो, आधार नसेल तर दारातूनच परत पाठवतात. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते, कारण विमानतळावर बाळाविषयी एक नव्हे, दोन वेगवेगळे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारणारे लोकही वेगळे असतात.

पहिला प्रश्न दारावरच्या सुरक्षारक्षकाचा. तिकिटावर ज्याचे नाव आहे तोच हा माणूस आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने ऑक्टोबर २०१७ मध्ये यासाठी चालणाऱ्या कागदांची यादी जाहीर केली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना ही त्यातील ओळखीची मंडळी. चालू खात्यावरचे, छायाचित्र लावलेले राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुकही त्या यादीत आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. येथे ‘चालू’ म्हणजे व्यवहार होत असलेले. कपाटाच्या तळाशी पडलेल्या, तीन वर्षे शिक्का न उमटलेल्या पासबुकाला विमानतळावर किंमत नाही. त्याच वेळी ब्युरोने हेही स्पष्ट केले की, ज्यांच्याजवळ वैध ओळखपत्र आहे अशा आईवडिलांसोबत तान्हे किंवा अज्ञान मूल असेल, तर त्या मुलाच्या ओळखीचा वेगळा कागद लागत नाही. शेजारी जे सांगतो ते येथपर्यंत बरोबर आहे.

दुसरा प्रश्न विमान कंपनीचा, आणि तो ओळखीचा नसून वयाचा आहे. दोन वर्षे पूर्ण न झालेले मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून प्रवास करते. त्याला स्वतंत्र आसन नसते आणि पूर्ण भाडेही नसते, मात्र त्याचे नाव तिकिटात नोंदवावे लागते. एका मोठ्या माणसामागे असे एकच मूल चालते. ज्या दिवशी मुलाला दोन वर्षे पूर्ण होतात त्या दिवसापासून त्याला आसन घ्यावे लागते. साहजिकच काउंटरवरचा माणूस वयाचा पुरावा मागतो. जन्मदाखला, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद, लसीकरणाचे कार्ड किंवा पासपोर्ट यांपैकी काहीतरी दाखवावे लागते आणि काहीच नसेल तर पूर्ण भाडे भरण्याची तयारी ठेवावी लागते. जातानाचे वय आणि येतानाचे वय वेगळे असू शकते, हा हिशेब पुष्कळ घरांत राहून जातो. तेवीस महिन्यांचे मूल मांडीवर बसून जाते. परतीच्या आधी त्याचा दुसरा वाढदिवस मामाच्या घरी साजरा झाला, तर येताना त्याच्यासाठी आसनाचे तिकीट काढलेले असावे लागते.

आसनांविषयी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना निर्देश दिले की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकीट-क्रमांकावर प्रवास करणाऱ्या आई, वडील किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी. तेव्हा जास्तीचे पैसे मोजले नाहीत म्हणून मूल सातव्या रांगेत आणि आई अठराव्या रांगेत, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र सर्वांचे तिकीट एकत्र काढलेले असावे. काटकसरीपायी अर्धे तिकीट एका ॲपवरून आणि अर्धे दुसऱ्यावरून काढणाऱ्यांना हा निर्देश उपयोगी पडत नाही.

येथवरचे सारे सोपे आहे. देशातल्या देशात मांडीवरचे मूल घेऊन जाणाऱ्या कुटुंबाची विमानतळावर फारशी अडवणूक होत नाही, आणि याच सोपेपणामुळे एक फसगत होते. लसीकरणाच्या कार्डावर एकदा काम भागले की मुलाचे कागद ‘आहेत’ असे घर धरून चालते. ते खरोखर आहेत का, याची परीक्षा पुढे वेगळ्याच खिडकीवर होते.

चाटी गल्लीत कापडाची जुनी पेढी असलेल्या एका घराची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मुलगा बेंगळुरूत नोकरीला. सुनेचे माहेर विजापूरचे, म्हणजे आताच्या विजयपुराचे, सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटर. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले, डिसेंबर २०२३ मध्ये. डॉक्टर माहेरच्या घरचे जुने. मुलीला लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी कागदावर आईचे नाव लिहिले ते माहेरचे, वडिलांच्या नावासह आणि माहेरच्या आडनावासह. लग्नात सोलापूरच्या घरी तिचे पहिले नावही बदलले होते. आधारवर ते नवे नाव होते आणि पासपोर्टवरही नवेच. त्या दिवशी हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. घरात पेढे वाटले जात होते.

कायद्याप्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. रुग्णालयाने ती वेळेत दिली. त्या वेळी बारसे झालेले नव्हते. राशीचे अक्षर आले होते, पण आत्या दुबईहून यायची होती आणि नाव ठेवण्याचा मान आत्याचा. तेव्हा बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहिला. बारसे सव्वा महिन्याने थाटात झाले, नाव ठेवले गेले, आत्याच्या मानपानात कसूर झाली नाही. विजयपुराच्या महापालिकेतील नोंदवहीला मात्र ते नाव कोणी कळवले नाही. घरी आलेला दाखला कोणी नीट वाचलाही नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तो कपाटात ठेवण्यात आला, शेअर सर्टिफिकिटांच्या खाली.

व्यापारी घरांविषयी एक निरीक्षण येथे नोंदवावेसे वाटते. जे घर दिवाळीला वहीपूजन केल्यावाचून नव्या वर्षाची पहिली नोंद करीत नाही, ज्या घरात आठ आण्यांचा फरक सापडेपर्यंत रोजमेळ मिटत नसे, त्या घरात मुलाच्या जन्मदाखल्यावरची चार ओळींची नोंद तपासली जात नाही. त्यामागे जुनी सवय आहे. ज्यांनी आज सत्तरी गाठली आहे त्यांच्या जन्माची नोंद बहुधा घरच्या वहीच्या मागच्या पानावर किंवा पत्रिकेत झाली. शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली. सोलापुरातील कित्येक आजोबांचे वाढदिवस १ जूनला येतात ते काही ग्रहयोगामुळे नव्हे. त्या तारखेवर त्यांचे शिक्षण झाले, नोकरी झाली, निवृत्तीही झाली, आणि कोठे काही अडले नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरही दीर्घकाळ शाळा सोडल्याचा दाखला हाच व्यवहारात जन्माचा पुरावा मानला गेला. म्हणून जन्मदाखला म्हणजे एक जास्तीचा कागद, ही समजूत त्या पिढीत मुरलेली आहे.

ती समजूत आता निरुपयोगी झाली. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याला सर्वत्र मान्यता मिळाली. शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, आधार, शासकीय नोकरी या सर्वांसाठी तो चालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पासपोर्टचे नियमही त्याला धरून बदलले. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाचा पासपोर्ट काढताना जन्मतारखेसाठी जन्मदाखल्याखेरीज दुसरा कोणताही कागद चालत नाही. त्या तारखेपूर्वीच्यांना शाळेचा दाखला, पॅन वगैरे पर्याय आहेत. नंतरच्यांना पर्याय नाही. आधार कार्ड ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे आधार प्राधिकरणाने स्वतःच स्पष्ट केलेले आहे. शिवाय लहान मुलाचे निळे बाल आधार काढायलाही मुळात जन्मदाखलाच लागतो. साऱ्या फांद्या त्या एका खोडावर आहेत.

चाटी गल्लीतील घराला हे कळले ते जानेवारी २०२६ मध्ये. नोव्हेंबरअखेर सून, सासू आणि मूल बेंगळुरूला विमानाने जाऊन आली होती. जाताना लसीकरणाचे कार्ड पुरले. येताना मुलाला दोन वर्षे पूर्ण झाली होती आणि त्याचे आसनाचे तिकीट मुलाने आधीच काढून ठेवले होते. सारे सुरळीत झाले. मग मुलाची बदली दुबईला झाली. त्याला महिन्याच्या आत रुजू व्हायचे होते. ठरले असे की त्याने पुढे जावे आणि सुनेने बाळाचा पासपोर्ट काढून दोन महिन्यांत मागोमाग यावे. सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने काम अवघड वाटत नव्हते. अर्ज भरण्यासाठी पेढीचे हिशेब पाहणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटकडे कागद गेले. त्यांनी दाखला वाचला आणि आजोबांना दुकानावर फोन केला.

“काका, या दाखल्यावर बाळाला नाव नाही. आणि आईचे नाव आहे ते वहिनींचे नाही.”

आजोबा म्हणाले, “अहो, तीच ती. माहेरचे नाव आहे.”

“ते तुम्हाला माहीत, मला माहीत. कागदाला कसे माहीत असणार?”

त्यानंतरचे चार महिने त्या घराने जे काढले ते हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही. मुलगा एकटा दुबईला गेला. बाळ रोज संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर वडिलांना पाही आणि पडदा बंद झाला की मोबाइलच्या मागच्या बाजूला त्यांना शोधी. सून सासरी होती, पण ज्याच्यासाठी सासर तो तेथे नव्हता. तिच्या आईवडिलांना वाटे, चूक आमच्या गावात झाली. सासूला वाटे, बारसे लांबवण्याचा हट्ट आपलाच होता. कोणी कोणाला बोलले नाही, आणि न बोललेलेच अशा वेळी घरात जास्त ऐकू येते.

दुरुस्ती झाली ती कायद्याच्या वाटेनेच, आणि ती वाट वाचकांना ठाऊक असावी. मुलाच्या जन्माची नोंद जेथे मूल जन्मले तेथील निबंधकाकडे असते. आईवडील राहतात तेथे नाही. सोलापूर महापालिकेत कितीही ओळख असली तरी विजयपुराच्या वहीतील अक्षर तेथूनच बदलणार. आपल्या जिल्ह्यातील घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण आपल्या सुना फलटण-बारामतीच्या असतात तशा कलबुर्गी-विजयपुराच्याही असतात, आणि नातवंडांचे दाखले दोन राज्यांत, दोन लिप्यांत विखुरलेले असतात. नाव न घालता नोंदलेल्या जन्मात बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. म्हणजे कोरा रकाना हा काही प्रलय नव्हे. मात्र एकदा घातलेले नाव मग हौसेने बदलता येत नाही.

आईच्या नावाचे प्रकरण अधिक किचकट होते. कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे नोंदीतील चूक दुरुस्त करता येते, पण मूळ नोंद खोडून नव्हे. मूळ अक्षर तसेच राहते, समासात दुरुस्तीची नोंद होते आणि तिच्यावर निबंधकाची सही व तारीख पडते. हिशेबनीसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चांगल्या वहीत खाडाखोड नसते, चूक झाली तर उलटी नोंद होते. त्या दुरुस्तीसाठी माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच स्त्रीचे आहे, हे सिद्ध करणारा कागद हवा होता. घरात लग्नाचे तीन अल्बम होते, व्हिडिओ होता, आहेराची यादी होती. विवाहनोंदणीचा दाखला नव्हता. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि ती नोंद करायची राहिली होती. प्रथम ती सोलापुरात झाली. मग प्रतिज्ञापत्र झाले. मग आजोबा, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, व्याह्यांना सोबत घेऊन विजयपुरात तीनदा गेले. तेथील कर्मचाऱ्याने तिसऱ्या खेपेस त्यांना खुर्ची दिली आणि चहा विचारला. वाट पाहण्यापलीकडे त्या कार्यालयाविषयी आजोबांची तक्रार नाही.

नाव बदलण्याच्या रूढीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. सुनेचे पहिले नावही बदलण्याची चाल आपल्या समाजात अजून काही घरांत आहे. तिच्यामागे माया असते हे मान्य. तथापि जिची पदवी एका नावाची, पॅन दुसऱ्या नावाचे आणि जिच्या मुलाचा दाखला तिसऱ्याच रूपाचा, त्या स्त्रीला आयुष्यभर ‘मी तीच’ हे पटवीत फिरावे लागते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळेपासून महसुलापर्यंतच्या शासकीय कागदांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. आईचे नाव आता मुलाच्या नावाचाच भाग झाले. ते एकच आणि एकाच वर्तनीत असणे ही यापुढे भावनेची नव्हे, सोयीची बाब आहे. शहा लिहायचे की शाह, इंग्रजीत शेवटी एक अक्षर जास्त घालायचे की नाही, हा निर्णय घराने एकदाच घ्यावा.

पासपोर्टच्या अर्जात आणखी एक गोष्ट आली. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी आई आणि वडील दोघांच्याही सहीचे संमतीपत्र लागते, त्याला ‘ॲनेक्शर डी’ म्हणतात. एकाची संमती मिळण्यासारखी नसेल तर दुसऱ्याने कारणासह ‘ॲनेक्शर सी’ द्यायचे असते. ही तरतूद विभक्त झालेल्या किंवा एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईसाठी फार मोलाची आहे. २०१६ च्या अखेरीस नियम बदलल्यापासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. समाजात अशा लेकी आहेत, आणि ‘कागदावर वडिलांची सही नाही म्हणून मुलाला कोठे नेता येणार नाही’ या समजुतीने त्या घरात बसून राहतात. त्यांना ही माहिती कोणीतरी हलक्या आवाजात सांगायला हवी. चाटी गल्लीच्या घरात प्रश्न एवढाच होता की वडील परदेशी निघाले होते. त्यांनी सही करून कागद ठेवला तो जानेवारीत. दाखला दुरुस्त होऊन अर्ज जाईपर्यंत मे उजाडला.

एक बारीक सूचना. चार वर्षांखालील मुलाचे छायाचित्र पासपोर्ट केंद्रात काढत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे छायाचित्र सोबत न्यावे लागते. काजळाची तीट लावलेले, मान वाकडी केलेले छायाचित्र परत येते, मग ते आजीला कितीही आवडो. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, तेव्हा नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी.

आजी-आजोबांसोबत मूल पाठवणाऱ्यांनी थोडे अधिक सावध असावे. २०१७ च्या त्या खुलाशातील शब्द ‘आईवडील’ असे आहेत. देशातल्या प्रवासातही अशा वेळी मुलाचा स्वतःचा एक कागद जवळ असावा, बाल आधार असेल तर उत्तम, आणि आईवडिलांचे एक साधे संमतीपत्र त्यांच्या ओळखपत्राच्या प्रतीसह सोबत द्यावे. परदेशी जाताना तर हे पत्र नोटरीसमोर केलेले असावे. अमेरिका व कॅनडा येथील अधिकारी असे पत्र जवळ ठेवण्याचा सल्ला देतात. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून आईवडिलांची नावे असलेला सविस्तर जन्मदाखला प्रत्येक मुलासाठी सक्तीचा केला होता. पर्यटनाला फटका बसल्यावर पुढे तो नियम सैल झाला. मुलांना परवानगीवाचून देशाबाहेर नेण्याचे प्रकार जगभर घडतात, म्हणून ही चौकशी असते. ती आपल्यावरचा संशय समजून रागावण्यात अर्थ नाही.

नेपाळला जाणाऱ्यांसाठी नियम वेगळे आणि सौम्य आहेत. पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील भारतीयांना तेथे जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र नसले तरी छायाचित्र असलेला, वय व ओळख सांगणारा कागद पुरतो, आणि २०१९ पासून या दोन वयोगटांसाठी आधारही चालते. पंधरा ते अठरा या वयातील मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचे ओळखप्रमाणपत्र चालते. पशुपतिनाथाला निघालेल्या आजोबांना आणि नातवाला एकच सवलत मिळते, ही गंमत आहे.

बाल आधारविषयी जाता जाता. पाच वर्षांपर्यंतच्या कार्डात बोटांचे ठसे नसतात. पाचवे वर्ष पूर्ण झाल्यावर ठसे, बुबुळ आणि छायाचित्र यांची नोंद करून घ्यावी लागते. सात वर्षे उलटूनही ती केली नाही, तर क्रमांक निष्क्रिय होऊ शकतो. शाळेची सहल निघते आणि मुलाचे आधार चालत नाही, हा अनुभव त्यातूनच येतो.

चाटी गल्लीतील बाळाचा पासपोर्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. सून आणि बाळ मुंबईहून दुबईला गेली, आजोबा सोलापूरच्या विमानतळापर्यंत पोहोचवायला गेले होते. परतल्यावर त्यांनी दुकानातून एक कोरी वही घरी नेली. धाकट्या लेकीचे पहिले बाळंतपण श्रावणात आहे आणि ती माहेरी, म्हणजे सोलापूरला, येणार आहे. आजोबांनी वहीच्या पहिल्या पानावर तिचे आधारवरचे पूर्ण नाव आणि जावईबापूंचे पासपोर्टवरचे नाव इंग्रजी व मराठी वर्तनीसह लिहून घेतले, आणि त्याची एक प्रत रुग्णालयाच्या फाइलला आधीच लावून ठेवली आहे. बारसे केव्हा करायचे हे अजून ठरायचे आहे. या वेळची आत्या अमेरिकेत असते.